फुलहॅम लेडीज: पगारी फुटबॉलची तीन वर्षं

[जुनं चित्रण: लॉफ्टस रोड, लंडन, मे २००३]

महिला एफए कप, म्हणजे इंग्लंडमधल्या संघांची बाद पद्धतीची स्पर्धा. तिची फायनल. लंडनच्या फुलहॅम क्लबच्या महिला संघानं, फुलहॅम लेडीजनं, चार्ल्टनला ३-० असं हरवलंय. लीग त्यांनी जिंकली, लीग कप जिंकला आणि आता हा कपही. एकाच मोसमात तिन्ही. आणि याच वर्षी क्लबनं ठरवलं, की या खेळाडूंना पूर्णवेळ पगार देणं आता बंद.

२००० साली लंडनच्या हॅरॉड्स या बड्या दुकानाचे आणि फुलहॅमचे मालक मोहम्मद अल फायेद यांनी महिला संघाला पूर्णवेळ व्यावसायिक केलं. इंग्लंडमध्ये असं याआधी कुणी केलं नव्हतं. इंग्लिश फुटबॉल असोसिएशन तेव्हा सांगत होती, की तीनेक वर्षांत बायकांची व्यावसायिक लीग उभी राहील. फुलहॅमनं त्या भरवशावर आधीच पाऊल टाकलं.

पगार मिळणं म्हणजे काय, हे समजायला लंडनमधल्याच आर्सेनल क्लबकडे बघावं लागतं. तिथली अ‍ॅलेक्स स्कॉट पुढे इंग्लंडकडून शंभरावर सामने खेळली. पण तरुणपणी ती क्लबच्या लाँड्रीत पुरुष संघाचे मळलेले कपडे धुवायची. देशातल्या सर्वांत मोठ्या महिला संघात ही परिस्थिती! बाकीच्या मुली दिवसभर नोकरी करून संध्याकाळी दमलेल्या पायांनी सरावाला यायच्या. फुलहॅमच्या मुली मात्र सकाळी मैदानावर यायच्या, कारण तीच त्यांची नोकरी होती.

[रेचल यँकीची छायाचित्रं]

त्यांच्यात होती रेचल यँकी. आठ वर्षांची असताना डोक्यावरचे केस भादरून, ‘रे’ असं नाव सांगून ती मुलांच्या टीममध्ये घुसली होती. ती मुलगी आहे, हे बराच काळ कुणाच्या लक्षातही आलं नाही. फुटबॉल खेळायला मिळावा म्हणून मुलगा व्हावं लागलेल्या या पोरीला फुलहॅमनं पगार दिला. पुढे ती इंग्लंडकडून १२९ सामने खेळली.

संघाची सुरुवात मात्र तळातून झाली. पहिला मोसम खालच्या पातळीच्या लीगमध्ये, तोही अगदी एकतर्फी जिंकत. तरी त्याच वर्षी ही टीम एफए कपच्या फायनलला पोहोचली आणि आर्सेनलकडून १-० अशी निसटती हरली. २००२ साली डॉनकॅस्टर बेल्सना हरवून तो कप आणलाच. मग नॉर्वेचे प्रशिक्षक गाउटे हाउगेनेस यांच्या हाताखाली तो तिहेरी विजयाचा मोसम आला.

असोसिएशननं सांगितलेली व्यावसायिक लीग मात्र आली नाही. प्रतिस्पर्धी संघ हौशी किंवा अर्धवेळच राहिले, आणि एकट्या फुलहॅमचा खर्च वाढत गेला. २००३ नंतर संघ अर्धव्यावसायिक झाला, चांगल्या खेळाडू पांगल्या, आणि २००६ साली क्लबनं पैसा पूर्णच काढून घेतला.

मालकानं हात आखडता घेतला हे खरं. पण मला मोठा दोष दिसतो तो फुटबॉल असोसिएशन या संघटनेचा. याच संघटनेनं १९२१ साली आपल्या क्लबांची मैदानं बायकांच्या फुटबॉलला बंद केली होती आणि ती बंदी पन्नास वर्षं चालवली. एवढं देणं डोक्यावर असताना शब्द पाळायला उशीर व्हायला नको होता. सगळी भिस्त एका माणसाच्या खिशावर राहिली.

आणि तो माणूस कोण होता, हेही सांगायला हवं. अल फायेद यांच्या मृत्यूनंतर, २०२४ साली, हॅरॉड्समध्ये काम केलेल्या अनेक स्त्रियांनी त्यांच्यावर बलात्काराचे आणि लैंगिक अत्याचाराचे आरोप केले. तेव्हा हाउगेनेस यांनी बीबीसीला सांगितलं, की खेळाडू अल फायेद यांच्याबरोबर एकट्या राहणार नाहीत याची आम्ही काळजी घ्यायचो. म्हणजे ज्याच्या पैशावर संघ उभा होता, त्याच्यापासूनच मुलींना जपावं लागत होतं. हे बाजूला ठेवून त्या तीन कपांची गोष्ट सांगता येत नाही.

[केटी चॅपमन, चेल्सीच्या निळ्या जर्सीत]

इंग्लंडची महिला सुपर लीग २०११ साली सुरू झाली, तीही अर्धव्यावसायिक. ती पूर्णपणे व्यावसायिक व्हायला २०१८ उजाडलं. फुलहॅमच्या त्या संघातली केटी चॅपमन तोवर चेल्सीची कर्णधार झाली होती. २००० साली अठराव्या वर्षी तिनं पगारी फुटबॉल सुरू केला होता. २०१८ च्या उन्हाळ्यात, नवा मोसम सुरू होण्याआधी, ती निवृत्त झाली.