दुकानांच्या माथ्यावरची मशीद

(दृश्य: काळोख. काचेमागे हळूहळू उजळत जाणारा एक हिरवा पाचू.)

ही एक भेटवस्तू आहे. ज्याच्यासाठी घडवली, त्याच्या हातात ती कधी पडलीच नाही.

इस्तंबूलच्या तोपकापी राजवाड्यात, खजिन्याच्या दालनात, हा खंजीर ठेवला आहे. मुठीवर एकाखाली एक तीन मोठाले पाचू. मुठीच्या टोकाला चौथा, आणि तो झाकणासारखा उघडला की आत चिमुकलं घड्याळ. म्यानावर मीनाकाम, त्यात फळांनी भरलेली परडी. उस्मानी सुलतान महमूद पहिला याने हा खंजीर इराणच्या नादिरशहाला पाठवायला काढला होता. दूत निघाले. वाटेतच त्यांना कळलं की नादिरशहाचा खून झालाय. साल १७४७. दूत माघारी फिरले आणि खंजीर पुन्हा खजिन्यात जमा झाला.

हा नादिरशहा म्हणजे १७३९ मध्ये दिल्ली लुटणारा तोच. त्याने सुलतानाला पाठवलेलं रत्नजडित सिंहासन मात्र इस्तंबूलला नीट पोचलं. तेही याच राजवाड्याच्या संग्रहात आहे. ते भारतीय कारागिरांच्या हातचं असावं असं मानलं जातं. मी ते पाहिलं आणि बराच वेळ तिथून हलले नाही.

(दृश्य: राजवाड्याचं अंगण. गर्दी. हातात पिशव्या घेतलेली माणसं.)

माझ्याकडे घडवून घेण्यासारखं काही नव्हतं. मावशीने निघताना एवढंच सांगितलं होतं, "तिकडचंच काहीतरी आण. इथे मिळतं ते नको." ऐकायला सोपं. पण इस्तंबूलच्या कुठल्याही गल्लीत उभे राहा, समोर दहा दुकानं आणि दहाही दुकानांत तोच माल: निळे मणी, चुंबकाच्या मशिदी, छापील उशांचे अभ्रे. यातलं तिकडचं कोणतं?

हे मला बाजारात कळलं नाही. इमारती पाहताना कळलं. म्हणून या फिल्ममध्ये आपण एक इमारत, एक बाजार, परत एक इमारत, असं फिरणार आहोत. या शहरात ती दोन वेगळी कामं नाहीतच.

(दृश्य: हागिया सोफियाचा घुमट, आतून.)

हागिया सोफिया. तुर्कीत आयासोफ्या. पूर्व रोमन सम्राट जस्टिनियनने ५३२ मध्ये काम सुरू केलं आणि ५३७ मध्ये, अवघ्या पाच वर्षांत, हे चर्च उभं राहिलं. घुमटाचा व्यास सुमारे ३१ मीटर. पहिला घुमट वीसएक वर्षांत कोसळला, तो पुन्हा बांधला. १४५३ मध्ये सुलतान मेहमद दुसरा याने शहर जिंकलं आणि चर्चची मशीद झाली. विसाव्या शतकात तिचं संग्रहालय झालं, २०२० मध्ये पुन्हा मशीद. आता खालचा भाग नमाजासाठी आहे. २०२४ पासून परदेशी पाहुण्यांना तिकीट काढून वरच्या सज्ज्यात जावं लागतं.

सज्ज्यात एक संगमरवरी कठडा आहे. त्यावर उत्तरेकडून आलेल्या कुणा व्हायकिंग शिपायाने आपल्या लिपीत काहीतरी कोरून ठेवलंय. बाकीचं झिजलं, नाव तेवढं लागतं: हाल्फदान. हजार वर्षांपूर्वीही माणसं परगावी जाऊन भिंतीवर नाव कोरतच होती. आज कुणी कोरलं तर मला राग येईल. पण हाल्फदानच्या त्या वेड्यावाकड्या रेघांवरून नजर हलत नाही, हेही खरं.

तर एवढी मोठी वास्तू. रोजचं दिव्यांचं तेल, झाडलोट, माणसांचे पगार, दुरुस्ती. याला पैसा कुठून यायचा?

(दृश्य: कापालीचार्शीचं प्रवेशद्वार. आत जाणारा माणसांचा लोट.)

इथून यायचा. कापालीचार्शी, म्हणजे छताखालचा बाजार. शहर जिंकल्यावर दोन-तीन वर्षांतच मेहमदने इथे दगडी पेठ बांधायला घेतली आणि तिचं उत्पन्न आयासोफ्या मशिदीच्या वक्फला, म्हणजे धर्मादाय निधीला, लावून दिलं. दुकानांच्या भाड्यावर घुमट सांभाळायचा. इस्तंबूलच्या मोठ्या मशिदी अशाच चालत. सुलतान अहमद मशिदीला, आपण जिला निळी मशीद म्हणतो तिला, लागून अरास्ता बाजार आहे, तोही असाच मशिदीच्या खर्चासाठी बांधलेला. बाजार हा मशिदीचाच एक अवयव होता.

आज कापालीचार्शीत साठाहून जास्त गल्ल्या आणि सुमारे चार हजार दुकानं आहेत. मधोमध सर्वांत जुनी पेठ, जेवाहिर बेदेस्तेन. जाड भिंती, पंधरा घुमट, रात्री बंद होणारे भक्कम दरवाजे. शहरातले सावकार आपले दागिने आणि रोकड इथे ठेवायला देत. आगी लागल्या, १८९४ चा मोठा भूकंप झाला, बाजार पुन्हा पुन्हा बांधला गेला. गल्ल्यांची नावं मात्र अजून जुन्या धंद्यांची आहेत. कालपाकजिलार म्हणजे केसाळ टोप्या करणाऱ्यांची. तिथे आता टोपी औषधालाही नाही, सगळं सोनं. यॉरगानजिलार रजया भरणाऱ्यांची. आयनाजिलार आरसेवाल्यांची, आणि हे कळायला शब्दकोश लागला नाही, कारण तुर्कीतही आरशाला आयनाच म्हणतात.

मराठी माणसाला इथे ही एक गंमत पावलोपावली भेटते. दुकानाला दुक्यान. हिशेबाला हेसाप. साबणाला साबुन. तराजूला तेराझी. आणि डोक्याएवढ्या उंच गठ्ठ्याखाली वाकून, गर्दीतून वाट काढत जाणारा तो माणूस? त्याला हमालच म्हणतात. फारसी-अरबीतून हे शब्द एकीकडे तुर्कीत गेले, दुसरीकडे आपल्याकडे आले. मागून "हमाल!" अशी आरोळी आली की पाय आपोआप बाजूला होतात.

(दृश्य: गालिच्याचं दुकान. दुकानदार गालिचे उलगडतोय.)

गालिचा घ्यायचा नसला तरी पाहून घ्या. चहा येईल, पेल्याला मध्ये बारीक कंबर असलेला. चहा प्यायलात म्हणून माल घ्यायलाच हवा असं काही नाही, त्याचा संकोच नको. दुकानदाराला सांगा, गालिचा पालथा करा. हाताने गाठी मारलेल्या गालिच्याची पाठ पुढच्या बाजूइतकीच नक्षीदार असते, एकेक गाठ मोजता येते. झालर पाहा. हातच्या गालिच्यात झालर म्हणजे विणीतल्याच उभ्या धाग्यांची टोकं. यंत्राच्या गालिच्याला ती बहुतेक वेळा मागाहून शिवलेली असते. हे कळायला दोन मिनिटं लागतात. मला ती दोन मिनिटं कुणीतरी दिली, म्हणून मीही देतेय.

शिंपल्याचं जडावकाम केलेल्या डब्या इथे पुष्कळ. निळ्या मशिदीचा स्थपती मेहमद आगा मुळात हेच काम करायचा. त्याची पदवीच सेदेफकार. सेदेफ म्हणजे शिंपला. डबी उजेडात तिरकी करून पाहा. खऱ्या शिंपल्याचा रंग हलतो, गुलाबीचा हिरवा होतो. प्लॅस्टिक नुसतं चमकतं.

एक गोष्ट मात्र अजिबात करू नका. "फार जुनं आहे" म्हणून कुणी नाणं, फरशी, मूर्तीचा तुकडा दाखवला तर हात मागे घ्या. पुरातन वस्तू तुर्कस्तानाबाहेर नेणं गुन्हा आहे. आणि ती वस्तू खरी असेल तर ती कुठल्या तरी भिंतीतून, कुठल्या तरी मातीतून उपटलेली असणार.

(दृश्य: एमिनॉनूचा किनारा. बोटी, समुद्रपक्षी. मसाल्यांच्या राशी.)

ट्राम उतारावरून खाली एमिनॉनूला येते. इथे मिसर चार्शीसी. मिसर म्हणजे इजिप्त. तिथून येणाऱ्या महसुलातून बांधला म्हणून हे नाव. शेजारच्या येनी जामीचा, म्हणजे नव्या मशिदीचा, हा बाजार. ही नवी मशीद १५९७ मध्ये एका राजमातेने सुरू केली, मग काम अर्धवट पडून राहिलं, आणि १६६० च्या दशकात दुसऱ्या राजमातेने, तुरहान सुलतानने, ते पुरं केलं. साडेतीनशे वर्षं झाली तरी ती नवीच.

लोकुम घ्यायचं तर घ्या. साखर आणि स्टार्च शिजवून केलेली ही वडी सगळ्यांना आवडते, घरी पोचेपर्यंत टिकते, जास्त विचार करावा लागत नाही. मी जास्त थांबले केशराच्या राशीपाशी. पाटी होती, तुर्की केशर. भाव इतका कमी की शंकाच यावी. चिमूट उचलली, तर हाताला लागल्या करडईच्या वाळक्या पाकळ्या. करडई! केशराचा तंतू गडद लाल असतो, एका टोकाला तुतारीसारखा किंचित रुंद. पाण्यात टाकलं तर पाणी सावकाश पिवळं होतं आणि तंतू लालच राहतो. करडईच्या फुलात वाईट काही नाही. ती करडई म्हणून विकावी, एवढंच.

(दृश्य: अरुंद गल्ली. दुकानांच्या मधला छोटा दरवाजा. वर जाणारा अंधारा जिना.)

मिसर चार्शीसीच्या बाजूच्या दाराने बाहेर पडलं की चटया विणणाऱ्यांची गल्ली लागते, हासिरजिलार. कॉफी भाजल्याचा वास, चीजचे डबे, लाकडी चमचे, रेटारेटी. या गल्लीत एक मशीद आहे आणि ती सहज दिसत नाही. दुकानांच्या मध्ये एक छोटा दरवाजा. वळणाचा जिना. वर चढलं की एकदम मोकळं अंगण, आणि गल्लीचा गलका पायाखाली गेलेला.

रुस्तम पाशा मशीद. रुस्तम पाशा हा सुलतान सुलेमानचा जावई आणि वजीर. १५६१ मध्ये तो वारला. मशीद त्याच सुमाराची, सुलतानाचा मुख्य स्थपती सिनान याने बांधलेली. सिनानने ही मशीद दुकानांच्या माथ्यावर ठेवली. खाली कमानींची दुकानं आणि वखारी, वर प्रार्थना. खालच्यांनी भाडं द्यायचं, वरच्यांनी दिवे लावायचे. आयासोफ्या आणि कापालीचार्शी यांच्यात चालायला वीस मिनिटं लागतात. इथे तोच हिशेब एका जिन्यात आला आहे.

आणि आत इझ्निक गावच्या फरशा. भिंती, खांब, मिहराब म्हणजे मक्केची दिशा दाखवणारा कोनाडा, सगळीकडे. पांढऱ्या जमिनीवर गडद निळा, मोरपंखी, आणि ट्यूलिपची फुलं. इतक्या तऱ्हेची की मी मोजायला लागले आणि सोडून दिलं.

(दृश्य: कॅमेरा फरशीच्या अगदी जवळ. उजेड एका बाजूने.)

पण पाहायचा तो लाल. समोरून पाहू नका, बाजूने पाहा. खिडकीचा उजेड तिरका पडला की दिसतं, लाल रंग फरशीच्या वर आलेला आहे. बाकी सगळे रंग सपाट, आणि लाल तेवढा उठावाचा, मेंदी वाळायच्या आधी हातावर दिसते तसा. हा रंग म्हणजे लोहाचा अंश असलेली माती. ती दाट कालवून, जाड थर देऊन चढवावी लागे, वर पारदर्शक झिलई. भट्टी थोडी इकडेतिकडे झाली की लाल विटायचा, तपकिरी पडायचा. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात इझ्निकच्या कारागिरांना तो असा टोमॅटोसारखा जमला, काही दशकं टिकला, आणि सतराव्या शतकात हातातून गेला. मशिदीत फरशीला हात लावायचा नसतो. मी हात पाठीमागे बांधून, नाक भिंतीपासून वीतभर अंतरावर ठेवून उभी राहिले.

मग जिना उतरून परत बाजारात आले. तेच वाडगे, त्याच ताटल्या, सकाळीही पाहिल्या होत्या. आता मात्र मला त्या वाचता येत होत्या. छापाचं काम कुठलं ते कळायला लागलं: प्रत्येक पाकळी दुसरीसारखी, रेघ कुठेच जाड-बारीक नाही, आणि बोट फिरवलं तर सगळं गुळगुळीत. हातच्या कामात कुंचला उचलल्याची जागा दिसते. आता हे काम मुख्यतः कुताह्या गावात होतं, बरंचसं साधं, थोडं मात्र अतिशय उत्तम.

(दृश्य: छोटं दुकान. वयस्क दुकानदार. वाडग्याचा क्लोजअप.)

मागच्या फळीवर एक छोटा वाडगा होता. आत एकच कार्नेशनचं फूल. मी अंगठा फिरवला. निळ्यावरून घसरला आणि लालवर अडला.

दुकानदार माझ्या अंगठ्याकडेच पाहत होता. भाव त्याने सांगितला, मी थोडा कमी मागितला, त्याने थोडा कमी केला. मला वाटतं दोघांनाही घासाघीस करायची फारशी इच्छा नव्हती. बांधायला वर्तमानपत्र काढताना त्याने मोडक्या इंग्रजीत विचारलं, कुणासाठी? मी इंग्रजीतच सांगितलं, आंटसाठी.

त्याचं समाधान झालं नाही. हात थांबवून त्याने विचारलं, "तेय्झे? की हाला?"

मी गोंधळले. मग त्याने समजावलं. तेय्झे, आईची बहीण. हाला, वडिलांची बहीण. त्याच्या भाषेत या दोघींना एक शब्द चालत नाही.

"तेय्झे," मी म्हटलं.

"तेय्झे," तो म्हणाला, आणि कागदाचा आणखी एक पदर गुंडाळला.