सेमिनारचा तास: फळा, उदाहरण आणि प्रश्न

गणित विभागात ‘सेमिनार’ या एकाच नावाखाली निरनिराळे कार्यक्रम चालतात. कलोक्वियम संपूर्ण विभागासाठी असतं. तिथे टोपॉलॉजीवाला बोलत असला तरी संख्याशास्त्रवाल्याला निम्मं कळलं पाहिजे. अभ्यास सेमिनारमध्ये एखादा शोधनिबंध किंवा पुस्तक आळीपाळीने वाचून सांगतात. आज बोलायचंय ते मुख्यतः संशोधन सेमिनारबद्दल: एका शाखेची माणसं, आठवड्यातला ठरलेला वार, एक वक्ता, साठ मिनिटं.

ही पद्धत जुनी आहे. तेव्हाच्या प्रशियातल्या कोनिग्जबर्गला गणितज्ञ याकोबी आणि भौतिकशास्त्रज्ञ फ्रान्झ नॉयमान यांनी १८३४ मध्ये गणित आणि भौतिकशास्त्राचा सेमिनार सुरू केला. बर्लिनला कुमर आणि वायरश्ट्रास या गणितज्ञांनी १८६१ मध्ये निव्वळ गणिताचा सेमिनार काढला. विद्यार्थ्याने नुसतं ऐकू नये, स्वतः उभं राहून मांडावं, हा त्यामागचा विचार होता. तो आजही तेवढाच लागू आहे, म्हणून संशोधन विद्यार्थ्यांना दुसऱ्या वर्षापासून तरी बोलायला लावावं असं माझं ठाम मत आहे.

आता तासाचा हिशेब. साठ मिनिटांतली पन्नास बोलण्याची, दहा प्रश्नांची. खडूने व्यवस्थित लिहिलं तर एक मोठा फळा भरायला सहा-सात मिनिटं लागतात, म्हणजे अख्ख्या व्याख्यानात सात-आठ फळे. घरून आणलेली टिपणं बारा फळ्यांची असतील, तर शेवटचं प्रमेय घाईत उरकलं जाणार हे आधीच ठरलेलं आहे. स्लाइडवर हा लगाम राहत नाही. पन्नास मिनिटांत साठ स्लाइड सहज दाखवता येतात, पण वही काढून बसलेला श्रोता दहाव्या स्लाइडलाच लिहिणं थांबवतो. स्लाइड वापरायच्याच असतील तर वीस-पंचवीसच्या पुढे जाऊ नये आणि मुख्य व्याख्या फळ्याच्या कोपऱ्यात शेवटपर्यंत न पुसता ठेवावी. चिन्हांचंही तसंच: एका अक्षराला एकच अर्थ. मध्येच ते दुसऱ्या कशासाठी वापरलं, की खोलीतली निम्मी माणसं मागच्या फळ्यावर अर्थ शोधत बसतात.

व्याख्यान बहुतेक वेळा फसतं ते पहिल्या पंधरा मिनिटांत, आणि कारण जवळजवळ नेहमी एकच: व्याख्यांची रांग. समजा विषय क्लास ग्रुपचा आहे, म्हणजे एखाद्या संख्याव्यवस्थेत अवयवीकरण एकाच प्रकारे होण्याचा नियम किती मोडतो ते मोजणाऱ्या रचनेचा. वक्ता डेडेकिंड डोमेनपासून सुरुवात करतो, मग फ्रॅक्शनल आयडियल, मग त्यांचा गुणाकार, मग भागफल. सगळं बरोबर, आणि सगळं अधांतरी. त्याऐवजी पहिल्याच फळ्यावर हे लिहावं:

६ = २ × ३ = (१ + √−५)(१ − √−५)

अ + ब√−५ या संख्येचा नॉर्म अ² + ५ब². अ आणि ब पूर्णांक आहेत, आणि गुणाकाराचा नॉर्म म्हणजे नॉर्मांचा गुणाकार. वरच्या चार अवयवांचे नॉर्म अनुक्रमे ४, ९, ६, ६. यातला कुठलाही अवयव आणखी फोडायचा, तर नॉर्म २ किंवा ३ असलेली संख्या लागेल. पण अ² + ५ब² ची किंमत २ किंवा ३ कधीच होत नाही. म्हणजे चारही अवयव अविघटनीय, आणि ६ चं अवयवीकरण दोन खऱ्या अर्थाने वेगळ्या प्रकारांनी झालं. मग २ आणि १ + √−५ यांनी तयार होणारा आयडियल घ्यावा, म्हणजे या दोघांना अशाच संख्यांनी गुणून मिळणाऱ्या सगळ्या बेरजांचा संच. त्याचा वर्ग करताना या दोन संख्या जोडीजोडीने गुणल्या की ४, २ + २√−५ आणि −४ + २√−५ हे तीन घटक मिळतात. दुसऱ्यातून तिसरा वजा केला की ६, त्यातून ४ गेले की २. तीनही घटक २ ने विभाज्य आहेतच, म्हणून हा वर्ग म्हणजे नेमका २ चा, म्हणजे २ च्या सगळ्या पटींचा, आयडियल. मूळ आयडियल मात्र एका संख्येने तयार होत नाही, कारण तसं असतं तर नॉर्म २ ची संख्या हवी, आणि ती नाही हे आत्ताच पाहिलं. एकच हिशेब दोनदा कामाला आला. याला फार तर दहा मिनिटं लागतात, आणि त्यानंतर क्लास ग्रुपची व्याख्या आली तर ती कशासाठी हे कुणाला विचारावं लागत नाही.

पूर्ण सिद्धता सांगायचा हट्ट सोडावा. सेमिनार ही सिद्धता तपासण्याची जागा नव्हे. अँड्र्यू वाइल्स यांनी जून १९९३ मध्ये केंब्रिजला तीन व्याख्यानांत फर्माच्या शेवटच्या प्रमेयाची सिद्धता मांडली, तेव्हा समोर त्या विषयातली उत्तमोत्तम माणसं बसली होती. युक्तिवादातली उणीव सापडली ती नंतर, ओळ न् ओळ वाचताना. आणि सप्टेंबर १९९४ मध्ये रिचर्ड टेलर यांच्या साथीने ती भरून निघाली. तेव्हा फळ्यावर सिद्धतेचा कणा सांगावा, अवघड पायरी नेमकी कुठे आहे ते बोट ठेवून दाखवावं आणि एखादंच उपप्रमेय शेवटपर्यंत करावं.

श्रोत्यांचं काम इथून सुरू होतं. चांगले प्रश्न साधे असतात: ही अट काढली तर काय मोडतं? मिती १ असताना प्रमेय काय म्हणतं? विरोधी उदाहरण माहीत आहे का? गणितज्ञ गेलफांड यांचा मॉस्कोतला सेमिनार १९४३ पासून अनेक दशकं चालला. तिथे ते वक्त्याला अडवायचे, आणि श्रोत्यांपैकी एखाद्याला आत्ता काय सांगितलं गेलं ते समजावायला लावायचे. एवढा कडकपणा सगळीकडे झेपणार नाही, आणि नवख्या वक्त्याच्या बाबतीत तो करूही नये. पण व्याख्येबद्दलचा प्रश्न शेवटच्या दहा मिनिटांपर्यंत राखून ठेवू नये, तो तिथल्या तिथे विचारावा. ज्येष्ठ प्राध्यापकांनी असा प्रश्न स्वतः आधी विचारला, तर मागच्या बाकावरच्या विद्यार्थ्याची भीड चेपते.

संयोजकांसाठी थोडंसं. सारांश आठवडाभर आधी मागवावा आणि त्यात ‘श्रोत्यांना काय माहीत असलं पाहिजे’ अशी एक ओळ सक्तीची करावी. अभ्यास सेमिनारमध्ये तिसऱ्या-चौथ्या आठवड्याला गळती लागते, कारण त्या दिवशीच्या वक्त्याखेरीज कुणीच वाचून आलेलं नसतं. त्यावर उपाय म्हणजे दर वेळी एक राखीव वक्ता नेमणं, आणि तो कोण हे सुरुवातीला चिठ्ठी काढून ठरवणं. नोंदीही ठेवाव्यात. जर्मन गणितज्ञ फेलिक्स क्लाइन यांच्या सेमिनारमध्ये वक्ते आपल्या व्याख्यानाचा गोषवारा वहीत स्वहस्ते लिहीत. १८७२ ते १९१२ या काळातले असे २९ खंड आजही वाचता येतात. विभागात एक जाड वही पुरते: वक्त्याने दोन दिवसांच्या आत एक पान लिहावं, त्यात प्रमेयाचं विधान, केलेलं उदाहरण आणि उत्तर न मिळालेला प्रश्न असावा, आणि पुढच्या आठवड्याची बैठक त्या प्रश्नाच्या वाचनाने सुरू करावी.