२३ किलोमीटरचा बोगदा आणि एक बिघडलेली दुर्बीण

मित्रहो, संशोधनाला सरकारी पैसा मिळावा म्हणून जनमत कसं तयार करायचं, असा विषय मला दिला आहे. या विषयावर बोलणारे बहुतेक जण विजयाच्या गोष्टी सांगतात. मी एका पराभवापासून सुरुवात करतो, कारण त्यात शिकण्यासारखं जास्त आहे. एक आधीच सांगतो : माझी बरीच उदाहरणं अमेरिकेतली आहेत. तिथल्या संसदीय समित्यांपुढे कोण काय बोललं ते छापून उपलब्ध असतं, त्यामुळे भांडणं नीट तपासता येतात.

ऑक्टोबर १९९३. टेक्सासमध्ये वॅक्साहाची या गावाजवळ जमिनीखाली ८७ किलोमीटर घेराचा कणत्वरक, म्हणजे सूक्ष्म कणांना प्रचंड वेग देऊन एकमेकांवर आपटणारं यंत्र, बांधणं चालू होतं. नाव 'सुपरकंडक्टिंग सुपर कोलायडर'. सुमारे २३ किलोमीटर बोगदा खणून झाला होता, दोन अब्ज डॉलरच्या आसपास रक्कम खर्च झाली होती. त्या महिन्यात अमेरिकी काँग्रेसने, म्हणजे तिथल्या संसदेने, पुढचा पैसा नाकारला आणि प्रकल्प बंद पडला. त्यात कणांची टक्कर ज्या ऊर्जेला व्हायची होती, ती जिनिव्हाजवळ पुढे उभारलेल्या 'लार्ज हॅड्रॉन कोलायडर' या त्वरकाच्या आराखड्यातल्या ऊर्जेच्या जवळपास तिप्पट होती. हिग्ज बोसॉन या ज्या मूलकणाची घोषणा पुढे २०१२ मध्ये जिनिव्हात झाली, तो कदाचित टेक्सासमध्ये सापडला असता.

हे का झालं, याची नेहमी दिली जाणारी कारणं खरी आहेत. १९८७ मध्ये ४.४ अब्ज डॉलरचा अंदाज होता, तो ११ अब्जांच्या पुढे गेला. शीतयुद्ध संपलं होतं, सरकारी तूट वाढली होती, परदेशांकडून अपेक्षित मदत आली नाही. पण मला दोन गोष्टी जास्त बोलक्या वाटतात. जागा ठरायची होती तोवर देशातली निम्मी राज्यं या यंत्रासाठी धडपडत होती आणि त्यांचे प्रतिनिधी विज्ञानाचे भक्त झाले होते. नोव्हेंबर १९८८ मध्ये टेक्सासची निवड झाली आणि बाकीच्यांची भक्ती ओसरली. त्यांचा पाठिंबा आपल्या राज्यात येणाऱ्या कंत्राटांना आणि नोकऱ्यांना होता. मूलकणांशी कोणाचं काही देणंघेणं नव्हतं.

दुसरी गोष्ट शास्त्रज्ञांच्या बाजूची आहे. या यंत्रातून वैद्यक आणि उद्योगाला किती फायदे होतील, याचं वर्णन समर्थक करत राहिले. मग फिलिप अँडरसन यांच्यासारखे नोबेल मिळवलेले भौतिकशास्त्रज्ञ काँग्रेसच्या समितीपुढे उभे राहिले आणि या फायद्यांच्या गोष्टी फुगवलेल्या आहेत, भौतिकशास्त्राच्या इतर शाखा त्याच पैशात अधिक देतात, अशी बाजू त्यांनी मांडली. आता यात अँडरसन यांना फितूर म्हणण्यात अर्थ नाही. नफ्याची भाषा आधी कोणी काढली? तुम्ही नफ्याचं बोललात की समोरचा वही उघडून दुसऱ्याच्या नफ्याशी तुलना करणारच.

आता दोनच महिने पुढे या. डिसेंबर १९९३. हबल दुर्बीण १९९० च्या एप्रिलमध्ये अवकाशात गेली आणि काही आठवड्यांतच कळलं की तिचा आरसा चुकीचा घासलेला आहे. कडेला फरक होता केवळ दोन मायक्रॉनच्या, म्हणजे मिलिमीटरच्या दोन हजारांशांच्या आसपास, पण प्रतिमा धूसर येत होत्या. दीड अब्ज डॉलरचा खर्च आणि जगभर टिंगल. सरकारी पैशाच्या उधळपट्टीचं याहून ठळक उदाहरण कोणाला शोधून सापडलं नसतं. त्या डिसेंबरमध्ये अंतराळवीरांनी पाच वेळा यानाबाहेर जाऊन दुर्बीण दुरुस्त केली.

इथपर्यंतची गोष्ट सगळ्यांना माहीत असते. महत्त्वाचं पुढे आहे. १९९५ मध्ये हबलच्या विज्ञानसंस्थेचे संचालक रॉबर्ट विल्यम्स यांनी स्वतःच्या वाट्याचा निरीक्षणकाळ वापरून दुर्बीण आकाशाच्या एका जवळपास रिकाम्या दिसणाऱ्या ठिपक्याकडे सलग दहा दिवस रोखून धरली. हाती काही लागणार नाही, असं अनेक ज्येष्ठांचं मत होतं. त्या ठिपक्यात सुमारे ३,००० दीर्घिका दिसल्या. आणि विल्यम्स यांनी ती निरीक्षणं दडवली नाहीत. एरवी निरीक्षण करणाऱ्याला वर्षभर आपली माहिती स्वतःकडे ठेवता येत असे. इथे ती ताबडतोब सगळ्यांसाठी खुली झाली. हबलच्या प्रतिमा वर्गांच्या भिंतींवर, मासिकांच्या मुखपृष्ठांवर आणि संगणकांच्या पडद्यांवर पोचल्या, त्या वापरायला कोणाची परवानगी लागत नव्हती.

त्याचं फळ २००४ मध्ये दिसलं. हबलच्या दुरुस्तीला अंतराळवीर ज्या प्रकारच्या यानातून जात, त्यातल्या कोलंबिया यानाचा आदल्या वर्षी अपघात झाला होता. सुरक्षिततेचं कारण देऊन नासाने हबलची शेवटची दुरुस्ती-मोहीम रद्द केली. त्यावर खगोलशास्त्रज्ञ ओरडले, ते अपेक्षितच होतं. पण शाळेतली मुलं, शिक्षक आणि खगोलशास्त्राशी कधी संबंध न आलेले लोकही ओरडले. ऑक्टोबर २००६ मध्ये निर्णय फिरवला गेला आणि मे २००९ मध्ये मोहीम पार पडली. हबलच्या बाजूने इतरही गोष्टी होत्या, हे मान्य. दुर्बीण कक्षेत होती, काम करत होती, बोगदा अर्धाही खणलेला नव्हता. तरीही मला वाटतं, फरक इथे पडला : दुर्बिणीवर लोकांना आपला हक्क वाटत होता आणि बोगदा त्यांना दुसऱ्याचा वाटत होता.

माझं आजचं म्हणणं एवढंच आहे. पाठिंबा संकटाच्या दिवशी मागून मिळत नसतो. संकट यायच्या कितीतरी आधी लोकांना त्या कामात हिस्सा दिलेला असावा लागतो.

यावर लगेच म्हटलं जाईल, दुर्बिणीचं ठीक आहे, तिची चित्रं सुंदर असतात. आमच्या प्रयोगशाळेतल्या यीस्टच्या पेशीचं काय? रास्त प्रश्न आहे. तिथे आपण उपयोगाच्या गोष्टी सांगायला धावतो. १९७५ मध्ये सिनेटर विल्यम प्रॉक्समायर यांनी सरकारी उधळपट्टीला 'गोल्डन फ्लीस' नावाचा उपरोधिक पुरस्कार द्यायला सुरुवात केली. पहिला मान मिळाला प्रेमात पडण्याच्या मानसशास्त्रावरच्या ८४,००० डॉलरच्या संशोधनाला. २०१२ पासून त्याला उत्तर म्हणून 'गोल्डन गूज' पुरस्कार दिले जातात, विचित्र वाटलेल्या पण पुढे फार उपयोगी पडलेल्या कामांना. उदाहरणार्थ, जॉन एंग यांनी अमेरिकेतल्या माजी सैनिकांसाठीच्या सरकारी रुग्णालयात काम करताना हिला मॉन्स्टर या विषारी सरड्याच्या विषात एक संयुग शोधलं. त्यावरून मधुमेहावरचं औषध तयार झालं आणि त्याला २००५ मध्ये मान्यता मिळाली. गोष्ट सुरेख आहे, जरूर सांगा. पण प्रॉक्समायर हास्यास्पद शीर्षकं निवडत होते आणि आपण लागलेल्या सोडती निवडतो. ऐकणारा खुळा नसतो. न लागलेल्या तिकिटांचं काय, हे त्याच्या मनात येतंच.

त्या तिकिटांबद्दल आपणच बोलावं, असं माझं मत आहे. सरकारने पैसा का द्यायचा, याचं खरं कारणही तिथेच आहे. कोणता प्रयोग लागेल हे आधी कळत नाही, आणि लागला तरी त्याचा लाभ करणाऱ्याच्या हातात राहत नाही. म्हणून कंपन्या अशा कामात मोजकाच पैसा घालतात. त्यात त्यांचा दोष नाही, त्यांना भागधारकांना तोंड द्यायचं असतं. सर्न या जिनिव्हाजवळच्या कणभौतिकी संस्थेने ३० एप्रिल १९९३ रोजी वर्ल्ड वाइड वेबचं सॉफ्टवेअर कोणालाही फुकट वापरायला खुलं केलं. सदस्य देशांच्या वर्गणीवर चालणाऱ्या संस्थेला ते परवडलं. वेब कणभौतिकीच्या कोणत्याही प्रस्तावात लिहिलेलं नव्हतं, हेही सांगितलं पाहिजे. नाहीतर पुढच्या वेळी समिती विचारेल, यंदा कोणतं वेब देणार?

फर्मीलॅब या अमेरिकी कणभौतिकी प्रयोगशाळेचे पहिले संचालक रॉबर्ट विल्सन यांचं उत्तर तुमच्यापैकी अनेकांनी ऐकलं असेल. १९६९ मध्ये फर्मीलॅबचा त्वरक उभारण्यापूर्वी सिनेटर पास्टोर यांनी त्यांना विचारलं, याचा देशाच्या संरक्षणाशी काही संबंध आहे का? विल्सन म्हणाले, थेट संबंध काही नाही, पण हा देश संरक्षण करण्याजोगा व्हायला याची मदत होईल. हे वाक्य प्रत्येक विज्ञानदिनाला वापरलं जातं. विल्सन यांनी तो त्वरक मुदतीच्या आधी आणि मंजूर रकमेपेक्षा कमी खर्चात उभा केला, हे मात्र कोणी सांगत नाही. मला विचाराल तर त्या वाक्यामागे वजन आलं ते या हिशेबामुळे. बोगद्याच्या लोकांकडे वाक्यं होती, हिशेब नव्हता.

हिस्सा देण्याचं माझं आवडतं उदाहरण प्रयोगशाळेबाहेरचं आहे. स्तनाच्या कर्करोगातून गेलेल्या स्त्रियांच्या संघटना १९९१ मध्ये अमेरिकेत एकत्र आल्या. त्यांच्या दबावामुळे काँग्रेसने १९९३ या आर्थिक वर्षासाठी या संशोधनाला २१ कोटी डॉलर दिले, तेही संरक्षण खात्याच्या अंदाजपत्रकातून. पुढे त्या स्त्रिया प्रस्तावांचं परीक्षण करणाऱ्या समित्यांवर शास्त्रज्ञांच्या शेजारी बसल्या, मतदानाच्या हक्कासह. सामान्य माणसाला यातलं काय कळणार, अशी कुरकुर झाली नसती तरच नवल. पण प्रस्ताव लिहिणाऱ्याला आता एक उतारा असा लिहावा लागतो की जो रुग्णाला समजेल. माझ्या मते प्रत्येक विषयातल्या अनुदानाला ही अट असावी. यीस्टच्या पेशीलासुद्धा.

एका श्रोत्याने चिठ्ठी पाठवली आहे : मागायचं किती? याचं उत्तर आकड्यात देता येणार नाही, पण एक इशारा देतो. अमेरिकेतल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थांचं अंदाजपत्रक १९९८ ते २००३ या पाच वर्षांत दुप्पट झालं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. विद्यापीठांनी इमारती बांधल्या, विद्यार्थी घेतले. मग वाढ थांबली, महागाई चालूच राहिली आणि वाढलेली गर्दी त्याच पैशासाठी झगडू लागली. आधी तीनांतल्या जवळपास एका प्रस्तावाला अनुदान मिळत होतं, काही वर्षांत ते पाचांतल्या एकावर आलं. फटका बसला तो त्या चांगल्या दिवसांत संशोधनात आलेल्या तरुणांना. म्हणून मोठा आकडा मागण्याऐवजी महागाईइतका दरवर्षी वाढणारा, दहा वर्षं न तुटणारा आकडा मागा. बातमीत तो फिका दिसतो आणि कोणत्याही मंत्र्याला त्याची घोषणा करण्यात मजा वाटत नाही. अशी नीरस मागणी उचलून धरायला प्रतिनिधीच्या मतदारसंघातून पत्रं जावी लागतात, आणि ती लिहिणारे लोक आपल्या ओळखीचे असावे लागतात. प्रतिनिधीला भेटायला जाल तेव्हा मागच्या अनुदानाचा एका पानाचा हिशेब बरोबर न्या : किती जणांचे पगार झाले, कोणतं उपकरण घेतलं, काय सापडलं, कोणता प्रयोग फसला. तेच पान गावातल्या ग्रंथालयातही लावा.