भरतीचं कारण आणि टिकण्याचं कारण

मित्रहो,

फौजेतल्या माणसाला लोक एक प्रश्न हमखास विचारतात, तू सैन्यात का गेलास? विचारणाऱ्याच्या मनात उत्तर बहुधा तयार असतं. ‘देशासाठी’ म्हटलं की त्याला बरं वाटतं. ‘पगारासाठी’ म्हटलं की तो खट्टू होतो. आज मला या दुसऱ्या उत्तराचीही बाजू घ्यायची आहे. आणि पुढे असं सांगायचं आहे की भरतीच्या दिवशीचं कारण, ते कितीही उदात्त असो, कठीण वेळेला एकटं पुरत नाही. माणूस ज्यासाठी फौजेत जातो आणि ज्यासाठी गोळीबारात जागा सोडत नाही, त्या बहुतेक वेळा दोन वेगळ्या गोष्टी असतात.

भरतीला येणाऱ्या तरुणांची कारणं कुठल्याही देशात, कुठल्याही काळात साधारण सारखीच असतात. नियमित पगार हवा असतो. घरात आधीच कोणी शिपाई असतो. जिवलग मित्र निघाला म्हणून हाही निघतो. काहींना घरातून, गावातून बाहेर पडायचं असतं. काहींना आपल्या अंगात किती दम आहे ते बघायचं असतं. वर्दीची ओढ असते, आणि देशाबद्दल खरीखुरी तळमळही असते. एकाच मुलाच्या मनात यातली तीन-चार कारणं एकदम असतात, आणि मुलाखतीत तो त्यातलं सगळ्यात शोभणारं सांगतो. त्यात लबाडी नसते. विसाव्या वर्षी कोणाला आपलं मन पूर्ण कळलेलं असतं?

अमेरिकेने सक्तीची भरती 1973 मध्ये थांबवली. त्यानंतर चार वर्षांनी चार्ल्स मॉस्कोस या समाजशास्त्रज्ञाने एक मुद्दा मांडला, तो अजून चर्चेत आहे. सैनिकी पेशा हे व्रत राहिलेलं नाही, तो इतर नोकऱ्यांसारखी नोकरी होत चालला आहे, असा त्याचा इशारा होता. इशारा योग्य होता, पण त्यावरून माणसांचे दोन गट पाडू नयेत असं मला ठामपणे वाटतं. ज्या मुलाच्या पगारावर घर चालणार आहे, तो जबाबदारी ओळखूनच आलेला असतो. धाकट्या बहिणीच्या शिक्षणासाठी जो वर्षानुवर्षं घरापासून लांब राहायला तयार होतो, त्याला कर्तव्य म्हणजे काय हे कोणी वेगळं शिकवावं लागत नाही. आणि सक्तीने ओढून आणलेल्या लाखो शिपायांचं काय? त्यांच्याकडे तर भरतीचं स्वतःचं असं कारणच नव्हतं. तरीही त्यांच्यात जिवाला जीव देणारी सोबत निर्माण झाली. म्हणजे तिचं मूळ दुसरीकडे शोधायला हवं.

ते मूळ एका फ्रेंच अधिकाऱ्याने फार नेमकं पकडलं होतं. कर्नल आर्दाँ द्यु पीक. 1870 च्या फ्रान्स-प्रशिया युद्धात तो जखमी होऊन मेला. त्याआधी त्याने आपल्या बरोबरीच्या अधिकाऱ्यांना प्रश्नावली पाठवून, लढाईत माणसं प्रत्यक्षात कशी वागतात हे विचारायचा खटाटोप केला होता. त्याचं म्हणणं असं, की एकमेकांना न ओळखणारे चार शूर लोक सिंहावर चालून जायला धजणार नाहीत. पण कमी शूर असलेले चौघे, एकमेकांना नीट ओळखणारे, मदतीला येतीलच अशी खात्री असलेले, बिनधास्त चालून जातील. इथे धैर्य एकेका माणसाच्या अंगात शोधलेलं नाही, ते चौघांच्या मधे आहे.

ही खात्री भाषणांनी येत नाही. ती शरीरातून येते. विल्यम मॅक्नील हे नामांकित इतिहासकार 1941 मध्ये सक्तीच्या भरतीत टेक्सासला प्रशिक्षणाला गेले होते. शिकायला धड तोफा नव्हत्या, म्हणून उस्ताद दिवसभर कवायत करून घ्यायचे. आधुनिक युद्धात तिचा काडीचा उपयोग नाही हे मॅक्नील यांना कळत होतं. तरी शेकडो पावलं एकाच ठेक्यात पडायला लागली की छाती भरून यायची, आपण आपल्यापेक्षा मोठ्या कशाचा तरी भाग आहोत असं वाटायचं. पन्नासेक वर्षांनी त्यांनी याच अनुभवावर अभ्यास लिहून काढला. परेडला वेळेचा अपव्यय म्हणणाऱ्यांनी हे जरूर लक्षात घ्यावं.

आता जरा जवळून बघू. पाठीवर पूर्ण ओझं घेऊन लांब पल्ल्याची चाल असते तेव्हा तुकडीची वेळ पहिल्या माणसावर धरत नाहीत. शेवटचा माणूस पोहोचेल ती तुकडीची वेळ. सुरुवातीला जोरकस पोरं पुढे पळतात आणि पुढे जाऊन वैतागत उभी राहतात. काही दिवसांत चित्र पालटतं. एकाच्या टाचेला फोड आलेत, तो लंगडायला लागलाय. कोणी काही बोलत नाही. एकजण त्याची रायफल स्वतःच्या खांद्यावर घेतो, दुसरा त्याच्या पाठीवरच्या पिशवीचा पट्टा सोडवतो, तिसरा मागून कमरेला हात लावून चालत राहतो. ज्याचं ओझं काढून घेतलं त्याला त्या वेळी लाज वाटते. पुढच्या खेपेला तो दुसऱ्या कोणाचं तरी ओझं मागून घेतो. मैत्री म्हणावी तर या चौघांचं आपसात पटतंच असं नाही. बराकीत त्यांची भांडणंही होतात. पण कामाच्या वेळी कोण काय करेल हे प्रत्येकाला ठाऊक असतं. लष्करी मानसशास्त्रावर काम करणारेही हा फरक करतात, एकमेकांवरचा लोभ वेगळा आणि कामातला एकोपा वेगळा. तुकडी लढते ती कामातल्या एकोप्याच्या बळावर.

याचा कस लागतो तो रात्रीच्या पहाऱ्यात. खंदकात दोघं असतात. एकाने जागायचं, एकाने झोपायचं. शत्रू हाकेच्या अंतरावर असताना डोळे मिटणं किती अवघड असतं याची कल्पना करून बघा. तुम्ही आपला जीव, सगळाच्या सगळा, शेजारच्याच्या जागेपणावर सोडून दिलेला असतो. आणि माणसं खरंच गाढ झोपतात. मला वाटतं, फौजेतल्या सोबतीचा याहून मोठा पुरावा नाही. ज्याच्या भरवशावर असं झोपता आलं, त्याची जात, भाषा, घरची परिस्थिती, राजकीय मतं यांचं महत्त्व नंतर पूर्वीइतकं उरत नाही. अशा छोट्या गटाचं महत्त्व जुन्या सैन्यांनाही माहीत होतं. रोमन सैन्यात आठ माणसं एका तंबूत राहायची, एकत्र रांधून जेवायची, आणि तोच सैन्याचा सगळ्यात लहान घटक मानला जायचा.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी लष्कराच्या संशोधकांनी लढून आलेल्या शिपायांना विचारलं होतं, तुम्हाला टिकवून ठेवलं ते कशाने? निष्कर्ष 1949 मध्ये प्रसिद्ध झाले. सर्वांत जास्त उत्तरं होती, एकदाचं काम संपवून घरी जायचं होतं. त्याखालोखाल सोबत्यांचा विचार. ध्येयवादाची कारणं बरीच खाली होती. मला ही उत्तरं प्रामाणिक वाटतात. ध्येय खोटं असतं असा याचा अर्थ होत नाही. त्याच युद्धातल्या जर्मन सैन्याबद्दल एडवर्ड शिल्स आणि मॉरिस जानोविट्झ या समाजशास्त्रज्ञांनी 1948 मध्ये असंच सांगितलं, की ते टिकलं ते छोट्या गटांच्या बळावर. पुढे इतिहासकार ओमेर बार्टोव्ह यांनी त्याला हरकत घेतली. रशियाविरुद्धच्या पूर्व आघाडीवर माणसं इतकी मरत होती की गट शिल्लकच राहत नव्हते, तिथे विचारप्रणाली आणि शिस्तीचा धाक यांचाच जोर होता, असं त्यांनी दाखवून दिलं. तेव्हा सगळं श्रेय सोबतीला देऊन चालणार नाही.

तरी सिगफ्रीड ससून या ब्रिटिश अधिकाऱ्याची हकिकत मला सोडवत नाही. पहिल्या महायुद्धात शौर्यपदक मिळवलेला हा माणूस. 1917 मध्ये त्याने युद्ध उगाच लांबवलं जात आहे असं जाहीर पत्रक काढलं, ते संसदेत वाचलं गेलं. कोर्ट मार्शल व्हायचं, त्याऐवजी त्याला एडिंबराजवळच्या मानसोपचार रुग्णालयात पाठवलं. तिथे तो सुखरूप राहू शकला असता. पण आपली माणसं तिकडे खंदकात आहेत आणि आपण इथे, हे त्याला सहन होईना. तो स्वतः मागून आघाडीवर परत गेला आणि 1918 च्या जुलैमध्ये डोक्याला गोळी लागून जखमी झाला. युद्धाबद्दलचं आपलं म्हणणं त्याने मागे घेतलं नव्हतं. त्याला परत ओढून नेलं ते माणसांनी.

जे इतक्या कष्टाने उभं राहतं ते कचेरीतल्या एका निर्णयाने मोडतं. 1914 मध्ये ब्रिटनमध्ये ‘मित्रांसोबत भरती व्हा, मित्रांसोबतच लढाल’ असं वचन देऊन एकेका शहरातल्या पलटणी उभ्या केल्या. भरती धडाक्यात झाली. 1 जुलै 1916 ला फ्रान्समधल्या सोम इथल्या लढाईत ऍक्रिंग्टन या गावाच्या पलटणीतले सुमारे 700 जण निघाले, आणि अर्ध्या तासात त्यातले 584 मेले, जखमी झाले किंवा बेपत्ता झाले. एका गावातल्या गल्ल्याच्या गल्ल्या एका दिवसात उजाड झाल्या. पुढे अमेरिकेने नेमकी उलटी चूक केली. व्हिएतनाममध्ये शिपाई साधारण वर्षभरासाठी एकटा यायचा आणि एकटा परत जायचा. पलटण तीच, माणसं सतत बदलणारी. नवख्याची कोणाशी ओळख होईपर्यंत जुन्याचा जायचा दिवस आलेला असायचा.

एक काळी बाजू आहे, ती झाकून मी पुढे जाणार नाही. ‘आपला माणूस’ ही भावना गुन्हाही पोटात घालते. 16 मार्च 1968 ला व्हिएतनाममधल्या माय लाय गावात अमेरिकी सैनिकांनी शेकडो निःशस्त्र गावकरी मारले, आणि वर्षभराहून जास्त काळ ते दडपलं गेलं. त्याच दिवशी वैमानिक ह्यू थॉम्प्सनने आपलं हेलिकॉप्टर सैनिक आणि गावकरी यांच्या मधे उतरवलं. आपले लोक गावकऱ्यांवर गोळ्या झाडायला लागले तर त्यांच्यावरच गोळी चालवा, असं त्याने आपल्या दोघा सहकाऱ्यांना सांगितलं. ग्लेन अँड्रिओटा आणि लॉरेन्स कोलबर्न त्याच्या पाठीशी उभे राहिले. नंतर थॉम्प्सनला गद्दार म्हणणारे, धमक्या देणारे बरेच निघाले. तिघांना पदकं मिळाली ती 1998 मध्ये, अँड्रिओटाला मरणोत्तर. त्या हेलिकॉप्टरमधल्या तिघांत जे होतं त्यालाच मी सोबत म्हणतो. गप्प बसणाऱ्यांत होता तो कळपाचा दबाव. नवीन अधिकारी घडवताना हा फरक पहिल्या महिन्यातच शिकवला पाहिजे, असा माझा आग्रह आहे. रंगरूटांना छळून एकी होते हा समजही तिथेच खोडून काढायला हवा.

शेवटी निवृत्तीबद्दल. लढाई पुन्हा नको, पण ती माणसं हवीत, असं कितीतरी जुने सैनिक म्हणतात. बाहेर पडल्यावर पगाराची, बढतीची उणीव भरून निघते. पहाटे शेजारच्या खाटेवरून येणारी हाक मात्र परत मिळत नाही, आणि घरच्यांना हे सांगायला शब्द सापडत नाहीत. 1921 मध्ये ब्रिटनमधल्या माजी सैनिकांच्या चार संघटना एकत्र येऊन ब्रिटिश लीजन उभी राहिली, त्यामागे पेन्शन आणि नोकऱ्यांचे प्रश्न होतेच, पण एकमेकांना भेटत राहण्याची गरजही होती. इथे सेवेतले अधिकारी बसले आहेत म्हणून सांगतो, तुमच्या हाताखालचा जवान निवृत्त झाला की पहिल्या वर्षात दर महिन्याला कोणीतरी त्याला फोन करेल अशी सोय लावा. त्याच्याच सेक्शनमधल्या एकाचं नाव त्या कामाला ठरवून टाका, कारण निवृत्त झालेला जवान आपणहून फोन करणार नाही.