भडोचच्या खाडीतले वाटाडे

नमस्कार मंडळी. प्राचीन सागरी व्यापाराचा विषय निघाला की गाडी मोसमी वाऱ्यांपाशी येऊन थांबते. जुलैत इजिप्तहून निघालेलं गलबत आपल्या किनाऱ्याला आणायचा तो वाराच, हे खरं. पण त्याला नर्मदाकाठच्या भडोचच्या धक्क्याला लावायचे ते इथले कोळी, आणि त्यांचं नाव फारसं कुणी घेत नाही.

पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक नोंदवहीत त्यांचं काम बारकाईने टिपलं आहे. खंबातच्या आखाताच्या तोंडाशी एका बाजूला खडकाळ दांडा. दुसऱ्या बाजूला तळ इतका धारदार की नांगर तुटायचे. किनारा सखल, त्यामुळे नर्मदेचं मुख दुरून दिसतच नसे. म्हणून राजाच्या चाकरीतले कोळी ‘त्रप्पग’ आणि ‘कोटिंब’ या मोठ्या होड्यांतून थेट सौराष्ट्राच्या किनाऱ्यापर्यंत सामोरे जात. भरती लागली की निघायचं, वाळूच्या पट्ट्यांमधून जहाज ओढून न्यायचं, ओहोटीत ठरलेल्या डोहात नांगरून थांबायचं, पुढच्या भरतीला पुन्हा निघायचं. शहर मुखापासून सुमारे ५० किलोमीटर आत. वेळ चुकली, त्यातून अमावास्येचं उधाण असलं, की जहाज प्रवाहाबरोबर वाळूवर चढून आडवं व्हायचं आणि फुटायचं. लहान होड्या तर उलटायच्याच.

एवढा धोका पत्करायचा तो मालासाठी. पैठणचा अकीक, धाराशिवजवळच्या तेरचं जाडंभरडं कापड आणि मलमल गाड्यांतून भडोचला येई. पैठण तिथून २० दिवसांवर, तेर आणखी १० दिवस पूर्वेला. खरं तर नाणेघाट उतरला की कल्याण बंदर. पण सत्तेच्या झगड्यात ते अडवलेलं होतं. तिथे लागलेलं ग्रीक जहाज पहाऱ्यात भडोचला पाठवत.

आपले दर्यावर्दी परमुलुखातही जात. येमेनच्या सोकोत्रा बेटावरील होक गुहेत, पार आतल्या अंधारात, दोनशेच्या आसपास लेख सापडले आहेत. बहुतेक ब्राह्मी लिपीत, मुख्यतः इसवी सनाच्या दुसऱ्या ते पाचव्या शतकातले. काही कोळशाने लिहिलेले, काही कोरलेले. नावांपुढे कुठे ‘नाविक’, कुठे ‘वणिज’, कुठे ‘निर्यामक’ म्हणजे जहाज हाकणारा. काहींनी आपण भरुकच्छचे, म्हणजे भडोचचे, हेही नोंदवलं आहे. ‘पेरिप्लस’मध्ये एकाही भारतीय खलाशाचं नाव येत नाही. इथे ती नावं त्यांच्याच हातची आहेत.