ठाण्याचा बंदरकाठ आणि पाण्यात उतरण्याची वाट

श्रोतेहो, ठाण्याला आपण तलावांचे शहर म्हणतो. परंतु हे शहर मोठे झाले ते खाडीमुळे. शिलाहार राजांच्या काळातील श्रीस्थानक, म्हणजे तेव्हाचे ठाणे, एका बाजूने उल्हास नदीशी आणि दुसऱ्या बाजूने मुंबईच्या समुद्राशी जोडलेले होते, त्यामुळे घाटावरून उतरलेला माल येथे गलबतांवर चढे. तेराव्या शतकाच्या अखेरीचे वर्णन करताना मार्को पोलो येथील कातड्याची आणि सुती कापडाची नोंद करतो, आणि एक विलक्षण गोष्टही सांगतो : राजाने चाच्यांशी ठराव केला होता की लुटीतले घोडे राजाला द्यावेत आणि उरलेला माल त्यांनी ठेवावा. समुद्रमार्गे आणावा लागणारा घोडा त्या काळी किती महाग होता, हे यावरून कळते.

पोर्तुगीजांचा किल्ला, १७३७ मधील मराठ्यांची साष्टी मोहीम, १७७४ च्या अखेरीस इंग्रजांचा ताबा, हे आपणा सर्वांना परिचित आहे. त्यानंतर जे घडले त्याकडे मात्र आपण पुरेसे पाहिलेले नाही. इंग्रजांनी किल्ल्याचा तुरुंग केला आणि खाडीकाठची सर्वांत मोक्याची जागा भिंतीआड गेली. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ३४ किलोमीटर अंतर कापून पहिली आगगाडी ठाण्यात आली. पुढच्याच वर्षी खाडीवर पूल होऊन गाडी कल्याणला पोहोचली. पडावांतून होणारी वाहतूक रुळांवर गेली, आणि जुने शहर व खाडी यांच्यामध्ये लोहमार्ग आडवा आला. चेंदणीचा कोळीवाडा आज रुळांच्या दोन्ही बाजूंना आहे. बंदर ओस पडण्याला गाळ हे एकच कारण दिले जाते, ते मला अपुरे वाटते.

त्याच शतकात लिव्हरपूलच्या नगरपालिकेने १८२८ मध्ये आपल्या धक्क्यालगत खाऱ्या पाण्याचे सार्वजनिक स्नानगृह उघडले. गजबजलेल्या बंदरातही नागरिकाला समुद्राचे पाणी अंगावर घेता यावे, ही जबाबदारी तेथील पालिकेने स्वतःची मानली. आपल्याकडे असे स्नानगृह झाले नाही. त्यामागे निसर्गाचाही भाग आहे. ठाण्याजवळ खाडी चिंचोळी होते, ओहोटीला पाणी दूर सरते आणि मागे गुडघाभर चिखल उरतो, ज्यात निवट्या हे चिखलातले छोटे मासे सुखाने राहतात, माणूस मात्र रुतून बसतो. म्हणून येथे उतरण्यासाठी लांब, पक्क्या पायऱ्यांचा घाट लागतो, आणि उधाणाच्या म्हणजे मोठ्या भरतीच्या दिवसांचे, भांगाच्या म्हणजे लहान भरतीच्या दिवसांचे वेळापत्रक माहीत असावे लागते. कोळ्यांना ते पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे.

आज बहुतेक ठाणेकर खाडीच्या पाण्याजवळ जातात ते गणेशविसर्जनाच्या दिवशीच. स्नानासाठी ठरवलेल्या सागरी पाण्याच्या राष्ट्रीय मानकात शंभर मिलिलिटरमागे विष्ठाजन्य जिवाणूंची मर्यादा १०० आहे. ती गाठायची असेल तर आधी सांडपाण्याचे नाले अडवावे लागतील. कोपनहेगनने तेच केले आणि २००२ मध्ये आपल्या बंदरात लोकांना पोहण्यासाठी जागा खुली केली. ठाणे खाडीला २०२२ मध्ये रामसर दर्जा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा असल्याची मान्यता, मिळाला, ही आनंदाची गोष्ट आहे, परंतु त्या दर्जाने तिवरे आणि रोहित पक्षी यांच्याकडे लक्ष वेधले गेले. माणसाच्या पायऱ्यांचा विचार अजून व्हायचा आहे. माझी मागणी एवढीच आहे की खाडीकाठाचे जे सुशोभन होईल, त्यात कठड्याबरोबर पाण्यापर्यंत जाणारी एक तरी वाट असावी, आणि ती कोठे काढायची हे प्रथम चेंदणीच्या कोळ्यांना विचारावे.