बसलेला माणूस, उभा माणूस

श्रोते हो, नमस्कार.

रेल्वेतल्या गर्दीचा विषय काढला की प्रत्येकाकडे एक तरी किस्सा तयार असतो, आणि त्या किश्शातला वाईट माणूस दरवेळी दुसराच कोणीतरी असतो. आज मी गर्दीला बोल लावणार नाही. गर्दी कमी करणं तुमच्या-माझ्या हातात नाही. माझं म्हणणं जरा उलटं वाटेल, पण ऐकून तर घ्या. गाडीत खरा ताप देतो तो बसलेला माणूस. उभ्या माणसाला बिचाऱ्याला ताप द्यायलाही जागा नसते.

आपल्या नागपूरचंच बघा. मुंबई-हावडा आणि दिल्ली-चेन्नई हे दोन मोठे मार्ग इथे एकमेकांना छेदतात. रेल्वे आपल्याकडे १८६७ साली आली, स्टेशनची ही इमारत १९२५ची. देशाच्या मध्यावर राहतो याचा आपल्याला भारी अभिमान, आणि तो असावाच. पण मध्यावर राहण्यात एक गोम आहे. गीतांजली घ्या, जीटी घ्या, आझाद हिंद घ्या; गाडी आपल्या फलाटाला लागते तेव्हा ती भरूनच आलेली असते. आतल्या मंडळींचा संसार केव्हाच थाटून झालेला असतो. हुकाला पिशव्या, पंख्याच्या जाळीत चपला, दोन बर्थच्या मध्ये चादर बांधून बाळाचा झोका. आपण तिकीट हातात घेऊन त्या संसारात शिरतो ते न सांगता आलेल्या पाहुण्यासारखे. आपल्याच बर्थवर मांडी घालून बसलेला गृहस्थ आपल्याला वरून खालपर्यंत न्याहाळतो आणि विचारतो, "कहाँ तक जाओगे?" जणू उत्तर आवडलं तरच बसू देणार. हा माणूस वाईट नसतो हो. रात्रभर त्या जागेवर बसला, आता ती त्याला स्वतःची वाटायला लागली, एवढंच.

जनरल डब्याच्या दारात हाच खेळ दोन मिनिटांत उरकतो. फलाटावर असताना जो घसा ताणून "अरे सरका ना आत, पूर्ण डबा रिकामा आहे," म्हणत असतो, तोच पायरीवर पाय रोवला की मागे वळून सांगतो, "जागा नाही भाऊ, मागच्या डब्यात जा." डबा तोच, गर्दी तीच. फक्त साहेब आत आले. त्यात खिडकीतून दुपट्टा टाकून जागा धरणारे वेगळेच. दुपट्टा एक, माणसं पाच, आणि त्यातली तीन अजून तिकीट खिडकीवर! तुम्ही दमून त्या दुपट्ट्याशेजारी जरा टेकलात की लगेच आवाज येतो, "उठा जी, तिथं माणूस हाय." माणूस कुठाय? येऊन राहिला म्हणे.

आता अपडाऊनवाल्यांबद्दल बोललंच पाहिजे, नाहीतर ते म्हणतील आम्हाला सोडलं. वर्ध्याहून, पुलगावहून, धामणगावहून नागपूरला नोकरीसाठी रोज येणारी ही मंडळी. सकाळी मुंबईकडून येणारी रात्रीची गाडी म्हणजे त्यांची हक्काची गाडी. मासिक पासावर आरक्षित डब्यात बसता येत नाही, काही गाड्यांत त्यांच्यासाठी ठरवून दिलेले डबे सोडले तर. पण ऑफिसची वेळ काही पासावर छापलेली नसते, म्हणून ते शयनयान डब्यात चढतात. आत मुंबईहून आलेला प्रवासी खालच्या बर्थवर आडवा. त्याच्या पायाशी हलकेच एक जण टेकतो. मग दुसरा. तिसरा सरळ म्हणतो, "काका, उठा आता, उजाडलं."

मी या दोन्ही बाजूंनी प्रवास केला आहे. झोपलेल्यांपैकी असतो तेव्हा मला हे लोक दरोडेखोर वाटतात. वर्ध्याला चढतो तेव्हा सात वाजून गेल्यावरही अख्खी बाकं अडवून घोरणाऱ्यांचा राग येतो. खरी अडचण मधल्या बर्थची आहे. तो उघडा असेल तर खाली बसणाऱ्याला मान ताठ करता येत नाही. डोकं पुढे काढून, हनुवटी छातीला लावून बसावं लागतं. एका माणसाच्या झोपेपायी खालच्या तिघांची मान अवघडते, म्हणून रेल्वेनं वेळच ठरवून दिली आहे, रात्री दहा ते सकाळी सहा. २०१७पर्यंत ती नऊपासून सुरू व्हायची, मग एक तास कमी केला. आजारी माणूस, अपंग, गरोदर बाई असेल तर बाकीच्यांनी सांभाळून घ्यावं, असंही त्यात म्हटलं आहे. म्हणजे दहा वाजले की खाली पत्ते खेळणाऱ्यांनी उठायचं आणि मधल्याला बर्थ लावू द्यायचा. आणि सहा वाजले की मधल्यानं तो खाली पाडायचा. इतकं सोपं आहे. पण मधला म्हणतो, मी पैसे पूर्ण रात्रीचे दिले. खालचा म्हणतो, सीट माझी आहे. रात्री साडेआठला बर्थ उघडून आडवे होणारे महाभाग मी पाहिले आहेत, आणि रात्री अकराला डबे उघडून खालच्या बर्थवर जेवायला बसणारं अख्खं कुटुंबही पाहिलं आहे. चटणी, लोणचं, ठेचा, सगळं साग्रसंगीत. मधल्या बर्थवाल्या आजीबाई पॅसेजमध्ये उभ्या. वर त्यांनाच आग्रह, "आजी, तुम्ही पण घ्या ना थोडं." आदरातिथ्यात आपण कमी पडत नाही.

मोबाईलचं सांगायलाच नको. पूर्वी गाडीत एखाद्याकडे ट्रान्झिस्टर असायचा, आणि मॅचचा स्कोअर ऐकायला आपण स्वतःच त्याच्याजवळ सरकायचो. आता प्रत्येक बर्थवर वेगळं स्टेशन. एकाच्या फोनवर कीर्तन, दुसऱ्याच्या फोनवर भाषण, तिसऱ्याचा तर अंगठा थांबतच नाही. दर पंधरा सेकंदांना नवा माणूस ओरडतो, नवं गाणं सुरू होतं आणि अर्ध्यावर मान टाकतं. पूर्ण गाणं तरी सहन करता येईल, पण हे तुकडे डोक्यात घण घालतात. रात्री दहानंतर मोठ्यानं गाणी लावू नयेत, फोनवर मोठ्यानं बोलू नये, अशा सूचना रेल्वेनं २०२२ साली दिल्या आहेत. सूचना आहेत. इअरफोनही बहुतेकांच्या खिशात आहेत. पण खिशातला हात बाहेर काढायचा कोणी?

एकदा तुमसरकडून नागपूरला येताना याचा इलाज एका मावशींनी केला, तो मला अजून आवडतो. समोर एक तरुण रील बघत होता, आवाज फुल्ल. डब्यातले सगळे कपाळाला आठ्या घालून गप्प, माझ्यासकट. मावशी टोपलीवर हात ठेवून शांतपणे ऐकत होत्या. थोड्या वेळानं अगदी मनापासून म्हणाल्या, "भाऊ, तो मंगाचा परत लाव ना. तो नवरा घरी आला, मंग तिनं का म्हटलं त्याले? तू पुढं सरकवलं, माह्यं आयकाचं राहूनच गेलं." पोरगा गडबडला. त्यानं तो रील शोधला, लावून दाखवला. मावशींनी पुढच्यालाही तसंच विचारलं, त्याच्या पुढच्यालाही. "हे बाई कोन होय? अन् रडून काहून राह्यली?" चौथ्याला पोरानं फोन खिशात टाकला आणि खिडकीबाहेर बघू लागला. डबा हसला, तोही हसला. हे सगळ्यांना जमेल असं नाही, त्यासाठी मावशीच पाहिजे.

खर्ऱ्यापुढे मात्र मावशींचंही काही चालत नाही. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२पासून बंदी आहे, पण आपल्या विदर्भात खर्ऱ्याचा भक्त डब्यात बसला की पहिला आवाज पन्नीचा. सुपारी, तंबाखू आणि चुना त्या पन्नीत घोटत राहायचं, चर्रचर्र, चर्रचर्र, मांडीवर, तळहातावर, बुटिबोरी येईपर्यंत. मग तोबरा भरला की हा माणूस बोलायचा बंद होतो. कोणी काही विचारलं तर हनुवटी वर करून, डोळ्यांनी उत्तर देतो. इथवर ठीक आहे. पण पिंक शेवटी खिडकीतूनच जायची. गाडी पुढे चालली आहे आणि वारा मागे, हे शाळेत शिकवलेलं असतं. मागच्या खिडकीत गजांना गाल टेकवून एखादं लहान पोर शेतं बघत असतं, तोंडावर बारीक तुषार उडाला की त्याला वाटतं पाऊस आला. त्याच्या आईला बरोबर कळतं काय आलं ते. तिनं पुढं जाऊन जाब विचारला तर उत्तर ठरलेलं, "खिडकी माझी आहे." बघा, पुन्हा तेच. खिडकी माझी.

आता कोणी म्हणेल, हा संस्कारांचा प्रश्न आहे, लोक सुधारणार नाहीत. मला तसं वाटत नाही, आणि त्याला पुरावा आपल्या शहरातच आहे. २०१९च्या मार्चमध्ये आपली मेट्रो सुरू झाली. सीताबर्डीच्या इंटरचेंजला संध्याकाळी बरीच गर्दी असते. त्यात हाच खर्रावाला असतो, हाच रीलवाला असतो, हाच दुपट्टा टाकणारा असतो. पण तिथं पिंक नाही, दुपट्टा नाही. दार बंद, खिडकी उघडत नाही, डोक्यावर कॅमेरा, खाली लख्ख फरशी, आणि मुख्य म्हणजे प्रवास थोड्या वेळाचा. जागा आपली वाटायला लागेपर्यंत उतरायचं स्टेशन येतं.

दुसरा पुरावा दसऱ्याचा. १४ ऑक्टोबर १९५६ला बाबासाहेबांनी आपल्या नागपुरात धम्मदीक्षा घेतली, तेव्हापासून दरवर्षी दीक्षाभूमीवर लाखो लोक येतात. त्या दिवसांत गाड्यांना जी गर्दी असते तिच्यापुढे आपली रोजची गर्दी काहीच नाही. परतीच्या अशा एका गाडीत मी संडासाजवळ उभा राहून प्रवास केला. खाली पाय ठेवायला जागा नव्हती. लोक पिशव्यांवर बसले होते, आणि पिशव्यांत कपड्यांपेक्षा पुस्तकं जास्त. एक आजोबा उठून उभे राहायचे आणि आपल्या जागेवर कोणाचं तरी लेकरू बसवायचे. मग थोड्या वेळानं लेकराचा बाप उठायचा, आजोबा बसायचे. कोणी कोणाला "ही माझी जागा" म्हणताना मला तरी ऐकू आलं नाही. कारण तिथं जागा कोणाचीच नव्हती.

हे सगळं गोड गोड झालं. पण काही वेळा मावशी नसतात, समोरचा प्यायलेला असतो, शिव्या देत असतो, बाईमाणसाच्या अंगावर रेलत असतो. तिथं ॲडजस्ट करत बसू नका. रेल्वे कायदा १९८९चा आहे. त्याच्या कलम १४५मध्ये दारू पिऊन किंवा अचकट-विचकट वागून इतरांना त्रास देणाऱ्याला डब्यातून उतरवता येतं आणि शिक्षाही होते. १३९ नंबरला फोन लावा. गाडी नंबर, डबा आणि बर्थ सांगा. पीएनआर हाताशी असला तर काम लवकर होतं. "कशाला भानगड?" म्हणून शेजारी गप्प बसतील, पण एकानं फोन लावला की बाकीचे "हो हो, आम्ही पण बघून राहिलो" म्हणत सामील होतात. हे मी पाहिलेलं आहे. साखळी मात्र उठसूट ओढू नका. आपले काका पाण्याची बाटली आणायला गेले आणि राहिले, म्हणून साखळी ओढणारे नागपूर स्टेशनवर कमी नाहीत. ती ओढली की ब्रेकच्या नळीतली हवा सुटते, गाडी जागेवर थांबते, आणि कर्मचाऱ्यानं तो डबा शोधून, तिथं जाऊन ते पूर्ववत केल्याशिवाय हलत नाही. मागून येणाऱ्या गाड्याही अडकतात. सबळ कारण नसेल तर कलम १४१ खाली एक वर्षापर्यंत कैद, किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. काकांना मागच्या गाडीनं बोलवून घ्या.

शेवटी एक गंमत सांगतो आणि थांबतो. वर्ध्याकडून येताना खापरी गेलं की डब्यात एकदम धावपळ सुरू होते. अजनी येण्याआधीच लोक बॅगा काढतात, खांद्यावर घेतात, पॅसेजमध्ये एकमेकांना चिकटून उभे राहतात. कोणाची ट्रॉली कोणाच्या पायावर, कोणाची पाठपिशवी कोणाच्या नाकावर. आणि मग व्हायचं तेच होतं, गाडी आऊटरला थांबते. पाच मिनिटं, दहा मिनिटं, कधी त्याहून जास्त. ज्या सीटसाठी रात्रभर भांडणं झाली, दुपट्टे पडले, "खिडकी माझी" झालं, त्या सगळ्या सीटा आता रिकाम्या, आणि अख्खा डबा उभा. बॅग खाली ठेवायला कोणी तयार नाही, कारण गाडी सुटली तर?

मी अशा वेळी बसून घेतो. बहुतेक वेळा खिडकी मिळते.

नमस्कार.